सुटकेचे सावकार श्री. पळवाटकर यांस खुले पत्र

श्री. रा. रा. पळवाटकरसाहेब,
मुक्काम : दाराजवळची खुर्ची

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, चिंतेच्या आजारांवर हल्ली पुष्कळ लिहिलं-बोललं जातं आणि त्यात तुमचं नाव कुठेच नसतं, हे पाहून फार वाईट वाटलं. बोलणी खातो तो मोबाइल, खाते ती स्पर्धा, महागाई, शहरातली धावपळ. आणि एवढ्यानंही भागलं नाही तर 'आजकालची पिढी' आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगातल्या सुमारे तीस कोटी माणसांना चिंतेचा कुठला ना कुठला आजार होता. मानसिक आजारांत एवढी मोठी संख्या दुसऱ्या कुठल्याच आजाराची नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी तुमचं जाणं-येणं असताना तुम्ही असे प्रसिद्धीपराङ्मुख! आजच्या काळात हा विनय दुर्मीळ. तेव्हा म्हटलं, आपणच पुढाकार घेऊन तुमचा जाहीर सत्कार करावा.

त्याआधी एक खुलासा. भीतीला आणि तुम्हाला मी एकाच माळेचे मणी मानत नाही. भीती कामाची आहे. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की संकट समोर येताच ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचन थांबतं आणि रक्त स्नायूंकडे वळतं. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज होतं. घाटात वळणावर समोरून ट्रक आला की ब्रेकवर पाय जातो तो भीतीच्याच कृपेनं. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धाकधूक नसती तर अर्धा महाराष्ट्र दहावीतच अडकला असता. आजार म्हणायचं ते ही यंत्रणा कारण नसताना, पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने सुरू राहिली आणि रोजचं जगणं अडू लागलं तर. काहींच्या घराण्यातच ती जरा हळवी असते, काहींना आयुष्यानं लवकर तडाखे दिलेले असतात. हे सगळं खरं. पण भीतीचा एक मोठा गुण म्हणजे ती चढते तशी उतरतेही. तिला उतरायला वेळच न देता वर्षानुवर्षं मुक्कामाला ठेवून घेण्याचं कसब मात्र सर्वस्वी तुमचं.

कसब कसलं, कलाच ती. तुमचा एक ग्राहक घेऊ. त्याच्यासारखे इतके आहेत, की नाव सांगायची गरज नाही. राहायला कल्याणला, ऑफिस फोर्टमध्ये. एका सकाळी फास्ट लोकल घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये थांबते. गर्दी, उकाडा, रात्रीची अपुरी झोप. छाती धडधडते. श्वास पुरेनासा वाटतो, म्हणून तो भराभर श्वास घेतो. भराभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. मुंग्या आल्या म्हणजे हा हृदयविकाराचाच झटका, या विचारानं छाती आणखी धडधडते. 'आता मी मरणार, नाहीतर इथेच वेडा होणार.' असा भीतीचा झटका काही मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग आपसूक ओसरू लागतो. गाडीत बसून राहिला असता तर दादर येईपर्यंत त्याला हे स्वतःच कळलं असतं.

पण तुम्ही बरे कळू द्याल! कुर्ला आलं तसे तुम्ही कानाशी लागलात : 'उतर.' तो उतरला. फलाटावर वारा लागला, श्वास जागेवर आला. तशीही ती लाट ओसरतच होती. पण श्रेय घ्यायला तुम्ही हजर. 'बघ, मी होतो म्हणून वाचलास.' न झालेल्या मृत्यूपासून जीव वाचवल्याचं उपकारपत्र फक्त तुम्हीच लिहून घेऊ शकता, साहेब.

पुढचं सगळं मग ओघानंच आलं. फास्टऐवजी स्लो, कारण स्लो दर स्थानकावर थांबते. स्लोमध्येही दाराजवळची जागा. मग गर्दी टाळायला पहाटेची गाडी. मग गाडीच नको, टॅक्सी. पगाराचा निम्मा भाग तिच्यात. मग साहेबांना विनंती करून घरून काम. मग बढती नाकारली, कारण बढती म्हणजे रोज ऑफिस. मग नाशिकचं मावसबहिणीचं लग्न चुकलं आणि 'आता हा मोठा झाला, आपल्यात येत नाही' असं नातेवाइकांत ठरलं. शेवटी त्याच्या जगाची हद्द घर ते कोपऱ्यावरचा दूधवाला एवढी उरली. मधल्या काळात कॅज्युअल्टीच्या चकरा झाल्या. ईसीजी नॉर्मल, टू-डी एको नॉर्मल. 'तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,' असं सांगून त्याला घरी पाठवलं गेलं. झालेलं होतं की! त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, आणि अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला १९८० पासून स्वतंत्र स्थान आहे. पण आजाराला नाव मिळालं असतं तर तपासात तुमचंही नाव निघालं असतं. हे तुम्हाला परवडलं नसतं.

तुमचा खरा धंदा सावकारीचा. सुटका ताबडतोब, रोखीनं, कागदपत्रांशिवाय. तारण म्हणून माणसाच्या जगातला एक तुकडा : आज फास्ट लोकल, उद्या लिफ्ट, परवा लग्नघर. आणि मुद्दल कधी फिटतच नाही. हॉबर्ट मॉवरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४७ सालीच तुमची ही वही उघडून दाखवली होती. आधी माणूस एखाद्या गोष्टीला भ्यायला शिकतो. मग ती टाळली की जो हायसेपणा मिळतो, तो टाळण्याची सवय पक्की करतो. आणि टाळत राहिल्यामुळे ती गोष्ट निरुपद्रवी आहे हे कळण्याची संधीच येत नाही. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून आपल्याकडे बिचाऱ्या ब्रह्मराक्षसाला उगाच बदनाम केलंय. तो एका झाडाला धरून असतो. माणसाच्या पाठोपाठ घरापर्यंत येता ते तुम्ही.

घराणंही जुनं तुमचं. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी मोकळे चौक आणि सुनसान रस्ते ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि त्या आजाराला 'अगोराफोबिया' हे नाव दिलं. त्यांनी एक गोष्ट बारकाईनं टिपली. सोबतीला कोणी माणूस असला, शेजारून एखादी गाडी चालत असली, नुसती हातात काठी असली, तरी या मंडळींना धीर यायचा. बिअर किंवा वाइन घेतली की तोच रस्ता सुसह्य व्हायचा. तेव्हा तुम्ही काठी होऊन हातात असायचात. आता काळाबरोबर चालता, त्याबद्दल अभिनंदन. आता तुम्ही पाण्याची बाटली होता. कोपऱ्यातली खुर्ची होता. मीटिंगमधला बंद कॅमेरा होता. समारंभात कोणी बोलायला येऊ नये म्हणून कानाला लावलेला, पलीकडे कोणीच नसलेला फोन होता. मध्यरात्री 'छातीत डाव्या बाजूला टोचणे कारणे' असं शोधणारा अंगठा होता. ब्रिटनचे पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ साली अशा उपद्‌व्यापांना 'सुरक्षेसाठीची वर्तनं' म्हणून पकडलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की संकट टळलं ते बाटलीमुळे टळलं असं माणसाला वाटत राहतं, आणि मुळात संकटच नव्हतं हे त्याला कधी उमगत नाही.

तुमचं सर्वांत चतुर सोंग म्हणजे खिशातली, चिंता शमवणाऱ्या अल्प्राझोलामच्या गोळ्यांची पट्टी. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी, मोजून दिली तर ती औषध. नेमानं घेत राहिलं तर सवय लागते, एकदम सोडली तर त्रास होतो, म्हणूनच कायद्यानं तिला शेड्यूल एच-वनमध्ये टाकलंय : चिठ्ठीशिवाय विकायची नाही, विकल्याची नोंद वेगळ्या वहीत करायची. पण तुम्हाला ती गिळण्याचीही गरज पडत नाही! पट्टी खिशात आहे एवढ्यावर माणूस बाहेर पडतो, आणि एके दिवशी ती घरी राहिली की नाक्यावरून परत फिरतो.

जे कुठेही जायचं टाळत नाहीत, नोकरी करतात, मुलांचे डबे भरतात, त्यांना वाटतं की तुमच्याशी आपला संबंध नाही. तुम्ही त्यांना रात्री गाठता. मुलाचा फोन लागला नाही तर? कर्जाचा हप्ता चुकला तर? डोकं दुखतंय ते गाठीमुळे तर नसेल? एक 'तर' संपला की दुसरा. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस हे आवरता आलं नाही आणि जोडीला थकवा, चिडचिड, आखडलेले स्नायू, उडालेली झोप असली, तर त्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी संशोधकानं यातही तुम्हाला हुडकून काढलं. काळजी बहुतेक शब्दांत चालते. मनाशी बोलत राहिलं की ज्याची खरी धास्ती आहे ते चित्र स्पष्ट डोळ्यांसमोर उभं राहत नाही, शरीराला त्याचा पूर्ण धक्का बसत नाही. म्हणजे रात्रभर जागून माणूस विचार करतो असं त्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात तो तुमच्याबरोबर त्या विचाराला वळसा घालत असतो. खुर्चीतून न उठता पळून जाण्याची सोय करून दिल्याबद्दल तुम्हाला एखादं पेटंट मिळायला हरकत नाही.

आणि बिनपगारी मुनीम तरी किती तुमच्या पदरी! मुलीला वर्गात बोलायची भीती वाटते म्हणून तिच्या वतीनं बाईंशी बोलणारी आई. मुलाला लिफ्टची भीती म्हणून त्याच्याबरोबर रोज सहा मजले चढणारे बाबा. 'मला काही होणार नाही ना गं?' या प्रश्नाला दिवसातून दहा वेळा 'नाही रे' म्हणणारी बायको. तिघांचाही हेतू सोन्यासारखा, आणि तिघांच्याही हातून वसुली तुमचीच. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत केली. चिंतेचा आजार असलेल्या मुलांना उपचाराला न बसवता त्यांनी फक्त आईवडिलांना शिकवलं : मुलाच्या त्रासाची कदर करा, 'तुला जमेल' असा विश्वास द्या आणि तुमची ती 'मदत' हळूहळू कमी करा. मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच याचा उपयोग झाला.

उलट टोकाचे तुमचे एजंट म्हणजे सल्लागार. 'टेन्शन घ्यायचंच नाही.' 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती.' 'दोनाचे चार हात करून टाका, आपोआप सुधारेल.' रोग रेड्याला आणि औषध पखालीला! असे चार सल्ले ऐकले की माणूस त्रासाबद्दल बोलणंच टाळू लागतो, म्हणजे तुमच्या खात्यावर आणखी एक तुकडा जमा.

तुमचा सत्कार करताना तुमच्या पराभवांचा उल्लेख अशोभनीय ठरेल, पण राहवत नाही. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे पीटर नावाचा एक मुलगा होता. वय तीन वर्षंही नाही. सशाला पाहिलं की किंचाळायचा. बाईंनी त्याला उपदेश केला नाही, की ससा उचलून मांडीवर टाकला नाही. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब ठेवला. मग थोडा जवळ. मग आणखी जवळ. मग पिंजऱ्याबाहेर. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देत होता. आज वर्तनोपचाराचा जो मोठा वृक्ष दिसतो, त्याचं एक मूळ या प्रयोगात आहे.

दुसरे अल्बर्ट एलिस. आरईबीटी या त्यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमुळे मराठी वाचकांना ते परके नाहीत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी : न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये एका महिन्यात ते १३० स्त्रियांशेजारी जाऊन बसले. तीस जणी लगेच उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणं झालं. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. प्रेमाच्या हिशेबात शून्य. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत, कोणी उलटी केली नाही, आकाश होतं तिथेच राहिलं. एलिस यांची लाज गेली आणि तुमचं एक गिऱ्हाईक गेलं.

पुढे १९८६ साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकचं कोडं उलगडलं : शरीरातल्या साध्या बदलांचा 'आता अनर्थ होणार' असा अर्थ लावला जातो, आणि तो अर्थच झटका वाढवतो. त्यामुळे आजचे चिकित्सक तुमच्या त्या कल्याणकराला आधी खोलीतच तसले बदल मुद्दाम ओढवून घ्यायला लावतात. खुर्चीत गोल गोल फिर. स्ट्रॉमधून श्वास घे. जागच्या जागी धाव. गरगरलं? धडधडलं? मेलास? मग उतरंड लावायची. पहिल्यांदा नुसतं फलाटावर उभं राहायचं. मग दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीनं कल्याण ते ठाकुर्ली. मग डोंबिवली. मग ठाणे. मग फास्ट. आणि प्रत्येक पायरीवर बाटली, पट्टी, दार यांतलं एकेक घरी ठेवायचं. निघण्याआधी लिहायचं : 'काय होईल असं मला वाटतं?' उतरल्यावर लिहायचं : 'काय झालं?' जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो. म्हणून कधी वाईट दिवशी ती पुन्हा डोकं वर काढते आणि पुन्हा सराव करावा लागतो. हे आधीच सांगून ठेवलं, की 'बघ, काही उपयोग झाला नाही' असं म्हणण्याची तुमची संधी हुकते.

आता तुम्ही म्हणाल, असं असेल तर सावधपणालाही तुरुंगात टाका. नाही. सावधपणा वेगळा, त्याचं तुमचं काही नातं नाही. त्याचे कपडे तेवढे तुम्ही वापरता. लोकलच्या दारात लटकू नये हे तो सांगतो. लोकलमध्ये बसूच नये हे तुम्ही सांगता. ओळखायची खूण सोपी आहे. त्याची यादी वर्षानुवर्षं तेवढीच राहते, तुमची दर महिन्याला वाढते.

आणि तुम्हाला हरवणं म्हणजे धाडस दाखवणं, हा गैरसमजही तुमच्याच सोयीचा. मित्रांनी पैज लावून कोणाला भर गर्दीच्या गाडीत ढकललं, तो घाबराघुबरा होऊन उतरला, तर ती तुमचीच जाहिरात. चाल टप्प्याटप्प्यानं आणि जाणकाराच्या सोबतीनं हवी. त्याआधी थायरॉइड वाढलंय का, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलीय का, दिवसाला किती चहा-कॉफी होते, हे पाहून घ्यायला हवं, कारण धडधड त्यांनीही होते. काहींना औषध लागतं. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधं गुण द्यायला काही आठवडे घेतात, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती मध्येच सोडायची नसतात. औषध घेणं म्हणजे तुम्हाला शरण जाणं, असा प्रचार तुम्ही करता. खरं तर अनेकांना फलाटापर्यंत चालत जायचं बळ तेच देतं.

इतके उपाय हाताशी असताना जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो, की उपचाराची गरज असलेल्या चौघांपैकी जेमतेम एकाला तो मिळतो. बाकी तिघांपैकी कित्येकांच्या गावात मानसोपचारतज्ज्ञच नाही, कित्येकांच्या खिशाला फी झेपत नाही. ते पाप तुमच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. पण मदतीसाठी साधा फोन करायचा, तर 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणारे तुम्हीच. अशा फोनसाठीच २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो. तुमच्या सत्काराच्या पत्रिकेत तो मोठ्या टाइपात छापायचं ठरवलंय. राग नसावा.

सत्काराची तारीख कळवत नाही. बोलावल्याशिवाय येण्याची तुमची सवय सर्वांना ठाऊक आहे. फक्त एक विनंती : यापुढे येताना सवड काढून या. मुंग्या येतील, धडधडेल, तुम्ही दाराकडे बोट दाखवाल. आणि आम्ही बसून राहू. आम्हाला दादरला उतरायचं आहे.

कळावे,

हप्त्याहप्त्यानं खातं बंद करणाऱ्या
आपल्या ग्राहकांच्या वतीनं,
एक पत्रलेखक